नऊ किलो सूचना

नाही हो, लिफ्ट चालू आहे! चालू आहे, रिकामी आहे, खाली दार उघडून माझी वाट बघत उभी आहे, मलाही दिसतंय... आणि तरीही मी जिन्यानं चढतोय, पाठीवर ही सॅक, पायात हे एवढे थोरले बूट, सकाळी सात वाजता, आणि तुम्ही सगळे पेपर आणायला, दूध आणायला निघालेले लोक मला मधेच गाठून विचारताय, 'काय हो, लिफ्ट बंद आहे का?' थांबा. तिसरा मजला आहे ना हा? जरा टेकू द्या पायरीवर. सॅक काढत नाही, काढली की परत चढवायला दोन माणसं लागतात. एक मिनिट... हां.

आता विचारलंच आहे तर ऐका.

तुम्हाला सांगतो, मी साहसी सहलींच्या कंपनीत आहे. असे डोळे मोठे करू नका, मी जात नाही. लोक जातात, मी लिहितो. कंपनीचं मासिक निघतं, त्यात 'निघण्यापूर्वी' नावाचं पान असतं, ते माझं. बूट कसे निवडावेत, मोजे किती घ्यावेत, जड वस्तू सॅकमध्ये पाठीलगत का ठेवाव्यात, उंचावर डोकं दुखायला लागलं तर शहाणपणा न करता खाली का उतरावं... पंधरा वर्षं! सवलतींच्या जाहिराती मी लिहितो, आणि जाहिरातीच्या खाली ती मुंगीएवढ्या अक्षरातली ओळ असते ना, जी वाचल्यावर सवलत आपल्याला नाही असं कळतं, तीही मीच लिहितो. स्पर्धा मी काढतो, स्पर्धेचे नियम मी करतो. आमच्या कंपनीत बारीक अक्षरात जे जे काही आहे ते लिहिलं कोणी? मी! आणि डोंगर म्हणाल तर डोंगर ऑफिसच्या कॅलेंडरवर आहेत. बारा महिन्यांचे बारा. मला मार्चमधला आवडतो.

तर गेल्या वर्षी मी एक स्पर्धा काढली. 'मला का जायचंय?' दोनशे शब्दांत लिहा. बक्षीस काय, तर सात दिवसांची मोहीम, उंच खिंड, खिंडीपलीकडे तळं, तळ्याकाठी तंबूत मुक्काम, सगळं फुकट. चारशे बारा जणांनी लिहिलं हो! मी सगळी वाचली. त्यातल्या दोनशेसाठ जणांना स्वतःचा शोध घ्यायचा होता. दोनशेसाठ! एवढी माणसं हरवलेली आहेत आणि पोलिसांत एक तक्रार नाही! एकानं लिहिलं, 'मला घरच्यांपासून सात दिवस लांब राहायचंय, कुठेही चालेल.' त्याला मी प्रामाणिकपणाचे चार मार्क जास्त दिले.

आणि नावं माझ्यापासून झाकलेली. नुसते क्रमांक. परीक्षकाला नाव कळता कामा नये, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न नको, नियम सहा. लिहिला कोणी? बरोबर. तुम्ही लवकर शिकताय.

मग आला क्रमांक तीनशेसहा.

तुम्हाला सांगतो, मी ते डबा खाता खाता वाचायला घेतलं आणि डबा तसाच राहिला. पाठ आहे मला. ऐका. 'मी सव्वीस वर्षं तंबू शिवले. सगळा तंबू नाही, माझ्याकडे फक्त दार. दाराला चेन लावायची, दोन्ही बाजूंनी दुहेरी टीप मारायची, आणि एकदा वरपासून खालपर्यंत उघडून बघायची, अडकत नाही ना. हिशेब ठेवला नाही, पण काही हजार दारं मी उघडली असतील. सगळी टेबलावर. प्रत्येक दार उघडलं की समोर टेबलच. ही दारं कुठे जातात, कोण उघडतं, उघडल्यावर त्यांना काय दिसतं, हे मी तेव्हा कामात गुंतलेली असल्यामुळे विचारलं नाही, आणि आता विचारायला कोणी नाही. मला एकदा दाराच्या आतल्या बाजूला झोपायचंय आणि सकाळी उठून चेन उघडायचीय. घरचे चांगले आहेत. ते नाही म्हणणार नाहीत. पण त्यांना हे सुचणार नाही, कारण ते कामात असतात. बाकी काही नाही. शब्द उरलेत, पण बोलणं संपलं.'

संपलं.

मी उठलो, तोंड धुऊन आलो, आणि बैठकीत जे बोललो ना... मी, जो बैठकीत चहा कधी येणार एवढंच विचारतो, तो मी उभा राहून बोललो. म्हटलं, साहेब, ही बाई! दुसऱ्या कुणाला बक्षीस दिलंत तर मी राजीनामा देईन! म्हटलं, आणि काय घर असेल हो हे? एवढी वर्षं एक बाई घरात वावरतेय आणि एकाला म्हणून विचारावंसं वाटू नये? नवरा नसेल, ठीक, पण मुलं असतील की! कसला मुलगा असेल हा? काय करतो काय हा मुलगा दिवसभर? माझा आवाज चढलेला, टायपिस्टबाईंच्या डोळ्यांत पाणी, साहेबसुद्धा चष्मा पुसतायत. साहेब म्हणाले, "ठरलं. तीनशेसहा." आणि यादी उघडून त्यांनी नाव वाचलं.

मी म्हटलं, "काय योगायोग बघा साहेब, माझ्या आईचंही नाव हेच!"

त्यांनी आडनाव वाचलं. मी म्हटलं, "आडनावसुद्धा! जगात काय काय..."

त्यांनी पत्ता वाचला. ही आपली इमारत. चौथा मजला.

हसा. हसा तुम्ही. त्या खोलीत कोणी हसलं नाही. मी तसाच उभा, तोंड उघडं, आणि माझ्या कानात माझाच आवाज, 'कसला मुलगा असेल हा...'

तुम्ही म्हणाल, आईनं सव्वीस वर्षं तंबू शिवले आणि तुला माहीत नाही? नव्हतं! मला एवढं माहीत होतं की आई शिवणाच्या कारखान्यात जाते. सकाळी आठला जाते, साडेसहाला येते, बोटाला चिकटपट्टी असते. काय शिवते? माझ्या डोक्यात कुठून तरी बसलं होतं की शाळेचे गणवेश शिवते. कोणी सांगितलं? कोणी नाही. मीच ठरवलं, वय वर्षं सात, आणि नंतर ते तपासायचं राहून गेलं. आणि पुरावा तर रोज पाठीवर होता! माझं दप्तर, आईनं उरल्यासुरल्या कापडातून शिवलेलं. भडक नारंगी, चेनचं, पाणी न शिरणारं. अख्ख्या वर्गाची खाकी, निळी दप्तरं, आणि मी आपला लांबून ओळखू येणारा. पोरं चिडवायची म्हणून घरी येऊन भोकाड पसरलं होतं मी. पावसात सगळ्यांच्या वह्यांचा लगदा व्हायचा, माझ्या कोऱ्याच्या कोऱ्या. नारंगी गणवेश कुठल्या शाळेचा असतो हो? दहा वर्षं ते दप्तर वापरलं, पण हा प्रश्न मला पडला नाही.

बरं, तर बक्षीस. साहेबांनी चष्मा घातला, नियमांचा कागद ओढला आणि शांतपणे वाचला. "नियम नऊ. कंपनीचे कर्मचारी, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्यासोबत एकाच घरात राहणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस स्पर्धेत भाग घेता येणार नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "फार पक्का लिहिलाय हो. कुठूनच सुटता येत नाही. कोणी लिहिलाय?"

मी! मीच! अहो, आधी नुसतं 'नातेवाईक' होतं, 'एकाच घरात' मी मागाहून घातलं, कोणी भाडेकरू म्हणून घुसू नये म्हणून!

बक्षीस गेलं दुसऱ्याला. स्वतःचा शोध घेणाऱ्यांपैकी एकाला. तो जाऊन आला, आणि यंदा त्यानं परत स्पर्धेत भाग घेतलाय. परत हरवला असेल.

संध्याकाळी घरी आलो. आई खिडकीशी माझ्याच शर्टाचं बटण लावत बसलेली. मी म्हटलं, "आई, तू तंबू शिवत होतीस?"

"मग काय शिवत होते?"

"मला वाटायचं, गणवेश."

तिनं दाताने दोरा तोडला. म्हणाली, "गणवेशाला एवढी जाड सुई लागते होय?"

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"विचारलंस कुठे?" रागानं नाही हो. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं, मी उलटून बोललो असतो, विषय संपला असता. बटण लावता लावता म्हणाली, जसं कोणी म्हणावं, आज बुधवार आहे.

आणि टाइप कोणी करून दिलं? माझ्या मुलीनं! आजीनं सांगितलं, नातीनं फोनवर टाइप केलं, पाठवून दिलं. तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणते, "बाबा, तुम्ही नियम वाचायला लावले असते." पोटची पोर, पण ओळखून आहे.

आणि खरं सांगू, त्याहून मोठा धक्का पुढे होता. आई म्हणाली, "तुझं ते पान वाचते मी. चांगलं लिहितोस. फक्त ते तेलाचं तेवढं चुकतोस."

"कुठलं तेल?"

"तंबूची चेन अडकली तर तेल सोडा म्हणून लिहितोस ना दर वर्षी. तेलाला धूळ चिकटते, चार दिवसांत चेन कायमची बसते. मेणबत्ती फिरवायची वरून. सुकी."

पंधरा वर्षं! पंधरा वर्षं मी परदेशी कॅटलॉग चाळून तेल लिहितोय, आणि तंबूंच्या दारांतलं सगळं कळणारी बाई माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याचसाठी चहा ठेवतेय! किती लोकांच्या चेनी बसल्या असतील... कोणी डोंगरात तंबूत अडकून पडला असेल, आतून माझं नाव घेत असेल!

मग मी ठरवलं. बक्षीस नाही तर नाही, मी पाठवतो तिला. पदरचे पैसे घालून. कर्मचाऱ्यांना सवलत असते आमच्याकडे, चाळीस टक्के. काढला कागद. 'पती किंवा पत्नी व दोन अपत्ये.' आईवडील? आईवडिलांचा उल्लेखच नाही. लिहिताना मला आठवलेच नाहीत ते. मुद्दाम वगळले असते तर माणूस निदान वाईट तरी ठरला असता. बरं, साठ दिवस आधी नाव नोंदवलं की वेगळी सवलत, तिथे गेलो, तर निघायला अठ्ठावन्न दिवस. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "सर, सूचनांचं पान वाचत नाही का तुम्ही? मोठ्या अक्षरात असतं, सवलत हवी तर टंगळमंगळ करू नका." म्हटलं, वाचत नाही बाई, नुसतं लिहितो.

पूर्ण पैसे भरले. तर ती म्हणते, पासष्टच्या वर वय असेल तर सोबत हवी. लिहिलं कोणी... तुम्हीच म्हणा एका सुरात, मला दम लागलाय.

म्हटलं, ठीक आहे, मी सोबत जातो! आणि तुम्हाला सांगतो, म्हणताना छाती अशी फुगली. पंधरा वर्षं लोकांना सांगतोय, आता बघा. घरी जाहीर केलं. आईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आपण जिन्यातून कपाट नेण्याआधी बघतो ना तसं, आणि म्हणाली, "बरं."

मग डॉक्टर. मोहिमेला जाणाऱ्या प्रत्येकाची चाचणी असते. पाठीवर नऊ किलो, चार मजले, न थांबता. थांबल्यास पुन्हा पहिल्या पायरीपासून. हे मी लिहिलं तेव्हा खुर्चीवर बसलो होतो हो! बसलेल्या माणसाला चार मजले म्हणजे काय वाटतं? चार! आठ लिहिणार होतो मी, साहेबांनी कमी केले!

आई आधी गेली. वय अडुसष्ट. पायांत ते साधे चपलेवजा बूट. नऊ किलो पाठीवर घेतलं, पट्टे ओढून बघितले, त्यांची शिवण चाचपली, तोंड वाकडं केलं, आणि चढली. एका लयीत, शिवणयंत्राचं पायडल मारल्यासारखी. वर जाऊन डॉक्टरांना विचारते, "पाचवा मजला आहे का? नाही, आता पायांना सवय झालीय म्हणून."

मग मी. पहिला मजला छान. दुसऱ्यावर मला वाटलं, कोणीतरी सॅकमध्ये मागून आणखी सामान टाकतंय. तिसऱ्यावर कठड्याला धरून उभा राहिलो. खाली आलो, परत चढलो, परत तिसऱ्यावर. डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, मग माझा फॉर्म बघितला आणि विचारलं, "तुम्ही नक्की कुठल्या कंपनीत आहात म्हणालात?"

नापास. आई पास, मुलगा नापास.

घरी आलो. आईनं सॅकचे पट्टे सोडायला घेतले, हळूहळू, आणि म्हणाली, "राहू दे. पुढे कधीतरी." आणि मला एकदम कळलं की ही बाई हे वाक्य पहिल्यांदा म्हणत नाहीये. किती सराईतपणे म्हणाली! माझ्या शाळेच्या सहलीच्या वेळी, माझ्या कॉलेजच्या वेळी, घर घेताना, प्रत्येक वेळी 'पुढे कधीतरी' म्हणालीच असेल, आणि मी 'बरं' म्हणून पुढे गेलो असेन.

तेवढ्यात माझी बायको म्हणाली, "मी जाते की."

बायको ग्रंथालयात आहे. दिवसभर जाडजूड खंड उचलून शिडीवर चढायचे आणि उतरायचे. चाचणीत एकदासुद्धा कठड्याला हात लावला नाही. मी म्हटलं, "तुला डोंगराची आवड आहे?" तर म्हणते, "तुम्ही विचारलंत कधी?"

एका घरात दोन! काय करतो काय हा मुलगा दिवसभर!

मी त्यांना यादी करून दिली. सामानाची, बेचाळीस वस्तू, क्रमवार. आईनं वाचली आणि विचारलं, "सुईदोरा?" म्हटलं, अगं, अनावश्यक वजन, मी स्वतः लिहिलंय. तिनं माझ्यादेखत सुई, जाड दोरा आणि अर्धी मेणबत्ती सॅकच्या कप्प्यात टाकली. आणि गेल्या सासू-सून. ते आठ-नऊ दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. हवामान बघ, नकाशा बघ, मुलीला विचार, फोन आला का? तिथे फोन लागत नाही, हेही मीच लिहिलेलं.

आल्या. नाक सोललेलं, ओठ फुटलेले, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसतायत. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, या दोघींना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला थांबवेना. म्हटलं, "आई, पहिल्या सकाळी चेन उघडलीस?"

"उघडली."

"मग? काय दिसलं?"

"धुकं."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच दिसलं नाही. पांढरंफटक. हात लांब केला तर बोटं दिसेनात."

मला रडूच यायचं बाकी राहिलं. एवढी वर्षं, एवढी दारं, आणि धुकं! मी म्हटलं, "अगं, मग?"

"मग काय? दार छान उघडलं. टीप मात्र एकेरी मारलेली, हल्ली कष्ट नकोत कोणाला. बसले आणि दुहेरी मारली." आणि शांतपणे चहा प्यायला लागली.

"आणि दुसऱ्या दिवशी? तळ्याकाठी?"

कप खाली ठेवला. बायकोकडे बघितलं. बायकोनं खिडकीबाहेर बघितलं. आई म्हणाली, "दुसऱ्या दिवशी दिसलं."

"अगं, काय दिसलं?"

"ते सांगण्यासारखं नाही. दार उघडून बघण्यासारखं आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहोत आम्ही. येतोस का?"

तुम्हाला सांगतो... पंधरा वर्षं मी हजारो लोकांना 'चला, निघा, त्वरा करा' म्हणतोय. मला, मला स्वतःला, कोणी कधी विचारलं नव्हतं, येतोस का. दोन शब्द. फुकट. अट नाही, खाली बारीक अक्षर नाही. आणि ते मी तिला विचारायला हवे होते हो, तीस वर्षांपूर्वी, ते तिनं मला विचारले.

म्हणून हे बूट. म्हणून हा जिना. पुढच्या महिन्यात डॉक्टर परत चाचणी घेणार आहेत. रोज सकाळी नऊ किलो, चार मजले. या सॅकमध्ये काय आहे विचारा ना! मासिकाचे जुने अंक. आईनं स्वतः तोलून भरलेत. माझ्याच सूचना! लिहिताना एकेक केवढीशी वाटायची, आणि आता बघा, खांदे निघाले. तेलाचे अंक तर तिनं मुद्दाम सगळ्यात वर ठेवलेत, रोज उघडून दाखवते.

पण तुम्हाला सांगतो, आज जमणार होतं! आज दुसऱ्यावर दम लागला नव्हता, पाय हलके होते, आज मी न थांबता थेट वर पोचणार होतो, आई वर दारात घड्याळ धरून उभीच आहे, आणि तुम्ही... लिफ्ट बंद आहे का! काय पण वेळ साधलीत!

हळू बोला, ऐकलं तिनं. आली कठड्याशी.

"काय गं आई? नाही, थांबलो नाही! जरा... हे लोक भेटले म्हणून... हो. हो, बसलोय. पायरीवर."

बघा. बोट खाली दाखवतेय. थांबल्यास पुन्हा पहिल्या पायरीपासून.

नका, विचारू नका कोणी लिहिलं.

"काय म्हणालीस? ... येतो का? येतो गं, येतो! आधी खाली जाऊन येतो."